एका पेटीतील संगणक : लाभ किती, जोखीम किती?

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, जिल्हा परिषदेची शाळा असो की तहसील कार्यालयातील एखादी शाखा असो, संगणकाची खरेदी ही आता नैमित्तिक बाब राहिलेली नाही. जुने यंत्र निकामी होते, नव्याची मागणी नोंदविली जाते, अंदाजपत्रकात तरतूद होते आणि मग एक प्रश्न हमखास समोर येतो. पडदा वेगळा आणि पेटी वेगळी असा नेहमीचा संगणक घ्यावा, की सर्व काही पडद्याच्याच पाठीमागे सामावलेला ‘ऑल-इन-वन’ संगणक घ्यावा? विक्रेत्याच्या दालनात हा दुसरा प्रकार चटकन नजरेत भरतो. वायरींचे जंजाळ नाही, टेबलाखाली पेटी नाही, सारे कसे आटोपशीर! निर्णय पुष्कळदा तेथेच होऊन जातो.

वस्तुतः हा निर्णय केवळ दर्शनी रूपावर किंवा दरपत्रकातील आकड्यावर सोपविण्यासारखा नाही. सार्वजनिक निधीतून घेतलेल्या यंत्राकडून किमान पाच-सहा वर्षांच्या अखंड सेवेची अपेक्षा असते. ते बंद पडले की जन्म-मृत्यूचा दाखला अडतो, घरपट्टीचा उतारा अडतो, ई-ग्रामस्वराज प्रणालीवरील देयक अडते. आणि दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. म्हणूनच यंत्र चालू असताना ते किती सोयीचे आहे, याबरोबरच ते बंद पडल्यावर किती लवकर पुन्हा सुरू करता येईल, हा या निवडीतील कळीचा प्रश्न होय.

रचनेतील मूळ फरक

नेहमीच्या संगणकाचे दोन मुख्य भाग असतात. एक पडदा, म्हणजे मॉनिटर. आणि दुसरी पेटी. या पेटीलाच बोलीभाषेत ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक सीपीयू म्हणजे पेटीतील मदरबोर्डावर बसविलेली, गणनेचे काम करणारी एक लहानशी चिप. पेटीत तिच्या जोडीला रॅम, माहिती साठविणारी हार्ड डिस्क किंवा एसएसडी, वीजपुरवठ्याचा संच आणि थंडाव्यासाठी पंखा असतो. यातील बहुतेक भाग ठराविक मापाचे असल्यामुळे एका उत्पादकाचा भाग काढून दुसऱ्याचा बसविता येतो.

ऑल-इन-वन संगणकात हे सर्व भाग पडद्याच्या मागील अरुंद जागेत बसविलेले असतात. जागा थोडी, म्हणून भागही बहुधा लॅपटॉपच्या धर्तीचे, आकाराने लहान आणि कमी वीज घेणारे वापरले जातात. मदरबोर्ड त्या विशिष्ट नमुन्यासाठीच घडविलेला असतो. कळफलक आणि माउस मात्र बाहेरून जोडावे लागतात. थोडक्यात, हा लॅपटॉप आणि टेबलावरील संगणक यांच्या मधला प्रकार आहे. लॅपटॉपची आटोपशीर बांधणी त्याच्यात आहे. परंतु लॅपटॉपमध्ये असणारी बॅटरी सामान्यतः त्याच्यात नसते. वीज गेली की तो तत्क्षणी बंद पडतो.

जुन्या अनुभवाचा दाखला

सर्व भाग एकत्र बांधण्याची कल्पना नवी नाही. १९७७ साली आलेल्या ‘कमोडोर पेट’ या संगणकात पडदा, कळफलक आणि माहिती साठविण्याचा कॅसेट रेकॉर्डर एकाच सांगाड्यात होते. जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीने ‘मॅकिंटॉश’ बाजारात आणला. नऊ इंची पडदा आणि फ्लॉपी ड्राइव्ह एकाच उभ्या पेटीत सामावलेले हे यंत्र वापरावयास सोपे होते. त्याची स्मरणशक्ती मात्र अवघी १२८ किलोबाइट होती आणि तिच्या चिपा मदरबोर्डावर डाखलेल्या असल्याने वाढविण्याची सोय ठेवलेली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ५१२ किलोबाइट स्मरणशक्तीचा नमुना आला, तेव्हा पहिल्या ग्राहकांना संपूर्ण मदरबोर्ड बदलून घेण्याचा मार्ग पत्करावा लागला.

१९९८ च्या ‘आयमॅक’ने ही कल्पना पुन्हा लोकप्रिय केली. २००४ मध्ये त्याच नावाच्या नव्या नमुन्यात सर्व भाग सपाट पडद्याच्या मागे गेले आणि आजच्या ऑल-इन-वन संगणकाचे रूप रूढ झाले. पुढे यंत्रे अधिकाधिक पातळ होत गेली. २०१४ मध्ये याच मालिकेत २७ इंची, अत्यंत स्पष्ट चित्र दाखविणारा पडदा असलेला नमुना आला. कालांतराने त्या यंत्राला नव्या ऑपरेटिंग सिस्टीम मिळेनाशा झाल्या. पडदा उत्तम स्थितीत होता. परंतु तो दुसऱ्या संगणकाला जोडण्याची सोय त्यात नव्हती. आतील यंत्र जुने होताच त्याच्याबरोबर चांगला पडदाही कालबाह्य ठरला.

या इतिहासातून निघणारा बोध साधा आहे. जे एकत्र बांधले जाते, ते एकत्रच जुने होते.

लाभाची बाजू

असे असले तरी या प्रकाराचे लाभ काल्पनिक नव्हेत. पहिला लाभ जागेचा. ग्रामपंचायतीचे कार्यालय अनेक ठिकाणी एका खोलीचे असते. त्याच टेबलावर नोंदवह्या, प्रिंटर, मोडेम आणि शिक्के ठेवावयाचे असतात. तेथे पेटीची जागा वाचणे ही लहान बाब नाही.

दुसरा लाभ मांडणीच्या सुलभतेचा. विजेची एक वायर जोडली की काम सुरू होते. कॅमेरा, ध्वनिक्षेपक आणि मायक्रोफोन बहुधा अंगभूत असल्यामुळे दूरदृश्य प्रणालीद्वारे होणाऱ्या बैठकांसाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. शाळेच्या संगणक कक्षात तर वायरी कमी असणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. मुलांच्या पायात अडकणारी वायर यंत्रालाही घातक आणि मुलालाही. शिवाय पेटी उघडून रॅमसारखे भाग काढून नेण्याचे प्रकार येथे सहजी होत नाहीत.

तिसरा लाभ विजेच्या बचतीचा. तो आकड्यांत पाहणे इष्ट ठरेल. समजा, ऑल-इन-वन संगणक कार्यालयीन काम करताना सरासरी ४० वॅट वीज घेतो आणि मोठी पेटी व पडदा मिळून ८० वॅट घेतात. दररोज आठ तास याप्रमाणे वर्षातील २५० दिवस वापर झाला, तर पहिल्याला ८० युनिट आणि दुसऱ्याला १६० युनिट वीज लागेल. दहा-वीस यंत्रे असलेल्या शाळेत हा फरक देयकात दिसून येईल.

याच गुणाचा आणखी एक उपयोग आहे. सामान्य ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची एक बॅटरी असते. तिच्यात कागदोपत्री ८४ वॅट-तास ऊर्जा असते; प्रत्यक्षात हाती येणारी ऊर्जा त्याहून बरीच कमी भरते. भार निम्मा असला की तीच बॅटरी दुपटीहून थोडा अधिक वेळ साथ देते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मर्यादांची बाजू

आता दुसरी बाजू पाहू. नेहमीच्या संगणकाचा पडदा बिघडला, तर शाळेतील किंवा शेजारच्या शाखेतील दुसरा पडदा आणून काम त्याच दिवशी पुढे चालविता येते. पेटीतील वीजपुरवठ्याचा संच जळाला, तर तालुक्याच्या बाजारात तो मिळू शकतो आणि सामान्य कारागीर तो बसवू शकतो. ऑल-इन-वन संगणकात मात्र पडदा बिघडला तरी संपूर्ण यंत्रच उचलून सेवा केंद्रात न्यावे लागते. त्याचा पडदा किंवा मदरबोर्ड त्या नमुन्यापुरताच असल्याने सुटा भाग मागवावा लागतो. सेवा केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर जाण्या-येण्याचे दिवस त्यात मिळवावे लागतात. दरम्यान ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक हात बांधून बसतो.

यंत्राबरोबर माहितीही दुरुस्तीला जाते, ही बाब अनेकदा लक्षात येत नाही. करदात्यांच्या नोंदी, लाभार्थ्यांची बँक खाती, विद्यार्थ्यांची माहिती हे सर्व त्या यंत्रातच असते. नेहमीच्या पेटीतून डिस्क काढून कपाटात ठेवणे सोपे आहे. ऑल-इन-वन यंत्रात ती काढण्यासाठी कित्येकदा पडदा किंवा पाठीमागील आवरण उकलावे लागते.

क्षमता वाढविण्याच्या बाबतीतही मर्यादा पडते. काही नमुन्यांत रॅमसाठी खाच असते, काहींत ती मदरबोर्डावरच कायमची डाखलेली असते. अरुंद जागेमुळे उष्णतेचे उत्सर्जनही कठीण होते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा, रस्त्यालगतच्या कार्यालयात येणारी धूळ आणि कोकणातील दमट हवा यांत लहान पंखा व बारीक झरोके लवकर कोंदतात. आणि ते स्वच्छ करणे पेटीइतके सोपे नसते. तसेच अनेक नमुन्यांत पडद्याची उंची कमी-अधिक करता येत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी, असा दंडक आहे. तो न पाळल्यास दिवसभर नोंदी घेणाऱ्याच्या मानेवर ताण येतो.

विंडोज १० चा धडा

या प्रश्नाला नुकतेच एक प्रत्यक्ष वळण मिळाले आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ साठी ठराविक पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक आहे. परिणामी २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले असंख्य संगणक चालू स्थितीत असूनही या अटींत बसत नाहीत.

ज्या कार्यालयात पडदा आणि पेटी वेगळी होती, तेथे केवळ पेटी बदलून भागते. तोच पडदा, तोच कळफलक पुढे चालतो. ज्या कार्यालयात ऑल-इन-वन यंत्र होते, तेथे चांगल्या पडद्यासह सारेच बदलणे किंवा लिनक्ससारख्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अवलंब करणे, एवढेच प्रमुख पर्याय उरतात. दुसरा पर्याय वाईट नाही. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली विकसित केली आहे. मात्र डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण आणि प्रिंटर त्यावर नीट चालतात की नाही, याची आधी खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

खर्चाचा ताळेबंद

पैशाच्या दृष्टीने कोणता प्रकार परवडतो, हे पाहण्यासाठी बारा वर्षांचा एक हिशेब मांडता येईल. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी त्यांच्या जागी तत्कालीन दर घालावेत.

समजा, ऑल-इन-वन संगणकाची किंमत ५०,००० रुपये आहे. नेहमीच्या संगणकात पेटी, कळफलक व माउस यांचे ४०,००० रुपये, पडद्याचे ८,००० रुपये आणि कॅमेरा व ध्वनिक्षेपकाचे २,००० रुपये, असे एकूण ५०,००० रुपये होतात. सहा वर्षांनी यंत्र बदलावे लागले, तर ऑल-इन-वनसाठी पुन्हा ५०,००० रुपये लागतील. नेहमीच्या संगणकात पडदा, कॅमेरा इत्यादी कायम ठेवून ४०,००० रुपयांत भागेल. पडदा बारा वर्षे टिकेल ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यातील प्रकाशयोजनेचे आयुष्य ३०,००० तास धरले आणि वर्षाला २,००० तास वापर झाला, तर तो हिशेबाने पंधरा वर्षे पुरतो.

म्हणजे बारा वर्षांचा खरेदीखर्च एका बाजूला १,००,००० रुपये आणि दुसऱ्या बाजूला ९०,००० रुपये. परंतु वर्षाला ८० युनिटप्रमाणे ऑल-इन-वनने बारा वर्षांत ९६० युनिट वीज वाचविली. युनिटचा दर १० रुपये धरल्यास ही बचत ९,६०० रुपयांची होते. दोन्ही पारडी जवळजवळ समान झाली!

हा हिशेब उद्बोधक आहे. नुसत्या किमतीच्या तराजूत या दोन प्रकारांचा निवाडा होत नाही. तो होतो दुरुस्तीच्या प्रसंगी. हमीचा काळ संपल्यावर पडदा गेला, तर नेहमीच्या संगणकाचा खर्च ८,००० रुपये आणि खोळंबा एखाद्या दिवसाचा. ऑल-इन-वनमध्ये सुट्या भागाची किंमत, कारागिरी, वाहतूक आणि किती दिवस लागतील याची अनिश्चितता, असे चार खर्च एकत्र येतात. यांपैकी शेवटचा खर्च कोणत्याही देयकात दिसत नाही. तो दाखल्यासाठी पुन्हा खेप घालणारा ग्रामस्थ सोसत असतो.

कोठे कोणता प्रकार योग्य?

यावरून काही ठोकताळे बांधता येतात. जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या ठिकाणी, जेथे सेवा केंद्र जवळ आहे, जागा अपुरी आहे आणि एक यंत्र बंद पडले तरी शेजारचे यंत्र काम सांभाळू शकते, तेथे ऑल-इन-वन संगणक उपयुक्त ठरतो. स्वागतकक्ष, ग्रंथालय, चौकशी खिडकी ही त्याची योग्य स्थाने होत. शाळेच्या संगणक कक्षातही, पाच वर्षांपर्यंतची जागेवर येऊन दुरुस्तीची हमी मिळत असेल, तर त्याचा विचार करण्यास हरकत नाही. वीस यंत्रांपैकी एक बंद पडल्याने वर्ग थांबत नाही.

याउलट ज्या ग्रामपंचायतीत एकच संगणक आहे आणि सेवा केंद्र दूर आहे, तेथे पडदा व पेटी वेगळी असलेला संगणकच अधिक भरवशाचा. जेथे एकच यंत्र असते, तेथे त्याचा प्रत्येक भाग सहज बदलता आला पाहिजे.

यातून एक मध्यम मार्गही निघाला आहे. लहान पुस्तकाएवढ्या आकाराचा ‘मिनी पीसी’ आता सर्वत्र मिळतो. पडद्याच्या पाठीमागे सामान्यतः १०० मिलिमीटर अंतरावर चार छिद्रे असतात. तेथे तो पट्टीच्या साह्याने बसविता येतो. समोरून पाहता तो ऑल-इन-वनसारखाच दिसतो, वीजही थोडीच घेतो; मात्र पडदा आणि यंत्र परस्परांपासून मोकळे राहतात. एक बिघडला तरी दुसरा वाचतो. लहान कार्यालयांनी या पर्यायाचा आवर्जून विचार करावा. ज्या कर्मचाऱ्याला वाडीवस्तीवर किंवा शिबिरांत यंत्र न्यावे लागते, त्याच्यासाठी मात्र लॅपटॉपला पर्याय नाही.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

सर्व बाजू पाहून ऑल-इन-वनच घ्यावयाचे ठरले, तर मागणीपत्रातील तांत्रिक तपशिलात पुढील बाबी स्पष्ट नमूद कराव्यात. २०१६ पासून कार्यरत असलेल्या शासकीय ई-बाजारपेठेवर, म्हणजे ‘जेम’ संकेतस्थळावर खरेदी करतानाही त्या पडताळून पाहाव्यात.

१. रॅम व एसएसडी खाचेत बसविलेली आहेत की मदरबोर्डावर डाखलेली? रॅम वाढविण्यासाठी रिकामी खाच आहे काय?

२. बाहेरून चित्रसंकेत घेणारी एचडीएमआय जोडणी आहे काय? ही सोय असल्यास आतील यंत्र निकामी झाल्यावरही पडदा दुसऱ्या संगणकासाठी वापरता येतो. संकेत बाहेर देणारी जोडणी निराळी; दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

३. वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बाहेरचा आहे काय? बाहेरचा अडॅप्टर जळाल्यास यंत्र न उघडता बदलता येतो.

४. हमी किती वर्षांची? जागेवर येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र केंद्रात पोहोचविण्याची? ग्रामीण पत्त्यावर ती लागू आहे, असे लेखी मिळते काय?

५. दुरुस्तीच्या काळात पर्यायी यंत्र मिळेल काय? बिघडलेली डिस्क कार्यालयाकडेच ठेवता येईल काय?

६. कळफलक, माउस, प्रिंटर, स्वाक्षरीचे टोकन आणि ठसा घेणारे उपकरण एकाच वेळी जोडता येतील इतक्या यूएसबी जोडण्या आहेत काय?

निगा आणि निर्लेखन

यंत्र कोणतेही असो, योग्य भूसंपर्कन म्हणजे अर्थिंग, सुस्थितीतील यूपीएस आणि आठवड्यातून एकदा माहितीची प्रत स्वतंत्र डिस्कवर घेणे, ही त्रिसूत्री पाळावी. विजांच्या दिवसांत काम संपताच विजेची आणि इंटरनेटची, अशा दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात. ऑल-इन-वन यंत्र भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये. त्याचे झरोके मोकळे राहिले पाहिजेत.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत पडदा आणि पेटी यांच्या स्वतंत्र नोंदी ठेवता येतात आणि निर्लेखनही स्वतंत्रपणे होऊ शकते. ऑल-इन-वनची नोंद एकच, त्यामुळे चांगला पडदाही यंत्रासोबत भंगारात जातो. जुन्या संगणकात शिसे आणि जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच असे यंत्र सोपवावे. तत्पूर्वी त्यातील माहिती कायमची पुसून टाकावी.

ऑल-इन-वन संगणक चांगला की वाईट, असा सरसकट निवाडा करता येणार नाही. योग्य जागी तो सोयीचा आहे, अयोग्य जागी तोच अडचणीचा. खरेदी समितीच्या किंवा मासिक सभेच्या टेबलावर दरपत्रके आली म्हणजे सदस्यांनी ‘हे यंत्र बंद पडेल त्या दिवशी काय करावयाचे?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर ज्या प्रकारात मिळेल, तो त्या कार्यालयासाठी योग्य प्रकार समजावा.